सुहासिनीचा पहिला कॅमेरा

“कुणासाठी बघताय, काकू?” काउंटरमागच्या मुलीने विचारलं.

“माझ्यासाठीच,” सुहासिनी म्हणाली. थाप इतकी सहज तोंडातून निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

कॅमेरा तिला नकोच होता. ती आली होती मुलगी बघायला.

दिवाळीत केयूरने घरात सांगितलं, लग्न करीन तर शिफाशीच. नाव ऐकूनच सुहासिनीचा चेहरा उतरला. त्याने फोटो दाखवायला मोबाइल पुढे केला, तर तिने तोंड फिरवलं. तेव्हापासून सांगवीच्या त्या घरात मायलेकांचं बोलणं ‘जेवायला वाढलंय’ एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. केयूर वडिलांशी बोलायचा. त्यातलं जे तिच्या कानावर पडलं तेवढंच तिला ठाऊक होतं. मुलगी चष्मा लावते, थेरगावला डांगे चौकात कॅमेऱ्याच्या दुकानात असते, आणि फार अबोल आहे.

आज केयूर चाकणला कंपनीत गेला आणि ती कुणाला न सांगता रिक्षाने इथे आली. चौकात कॅमेऱ्याची पाटी दिसली, आत चष्मा लावलेली, डोक्यावरून निळी ओढणी घेतलेली मुलगी दिसली. ती पायऱ्या चढली.

अबोल मात्र ही मुळीच नव्हती. प्रेमात पडलेल्या मुलाचं काय खरं मानायचं.

“डीएसएलआरच हवाय ना? हल्ली सगळे मिररलेस, बिनआरशाचे, मागतात,” मुलगी सांगत होती. “पण शिकायला मला हाच आवडतो. आत आरसा असतो. डोळा लावला की समोरचं माणूस जसं आहे तसं दिसतं.”

“तो वरचा मोठा दाखव,” सुहासिनी म्हणाली. मुलगी कितपत लोभी आहे ते तिला बघायचं होतं.

मुलीने तो काढून तिच्या हातात दिला. सुहासिनीचं मनगट खाली गेलं.

“बघा. हा मी तुम्हाला देणार नाही. पहिला कॅमेरा हातात बसला पाहिजे, काकू. जड झाला की तो कपाटात जातो आणि तिथेच राहतो.” तिने एक छोटा काढून समोर ठेवला. “कशाचे फोटो काढणार?”

“नदीवरच्या पक्ष्यांचे,” सुचेल ते सुहासिनीने सांगितलं.

“त्याला लांबची लेन्स लागेल. ती आत्ता नका घेऊ. आधी माणसांचे काढा. माणसं एका जागी बसतात तरी.”

तीही कुठे बसतात, असं सुहासिनीच्या मनात आलं.

“माझाच काढा. हे बटण अर्धं दाबायचं, चित्र स्वच्छ झालं की पूर्ण.”

सुहासिनीने कॅमेरा डोळ्याला लावला. आधी सगळं धूसर होतं. मग अर्धं बटण दाबल्यावर मुलीचा चेहरा एकदम समोर आला, हाताच्या अंतरावर आल्यासारखा. आता हवं तेवढं बघायची मुभा होती. कुणी हटकणार नव्हतं. हनुवटीवर लहानपणीचा व्रण होता. डोळ्यांखाली थकवा होता. नजर मात्र सरळ होती.

“घरी कोण कोण असतं?” कॅमेऱ्याआडून सुहासिनीने विचारलं.

“मी आणि अम्मी. अब्बांचं गॅरेज होतं, ते गेल्यावर बंद केलं.”

“आणि लग्नाचं?”

मुलगी थोडी हसली. “ठरलंय म्हटलं तर ठरलंय. त्याच्या घरचे तयार नाहीत. त्याच्या आईचा राग आहे.”

“तुला नाही राग येत त्या बाईचा?” सुहासिनीने विचारलं.

“आधी यायचा.” मुलीने ओढणी सारखी केली. “मग वाटलं, त्यांनी मला बघितलंच कुठे आहे? एकदा समोरासमोर बसल्या, चहा घेतला, आणि मग नको म्हणाल्या तर गोष्ट वेगळी. न बघता नको म्हटलेलं मी मनाला लावून घेत नाही.”

सुहासिनीने बटण दाबलं. खट्‌कन आवाज झाला. तिला डोळे पुसायचे होते, म्हणून कॅमेरा तिने जरा उशिराच खाली घेतला.

“हाच दे मला,” ती म्हणाली.

“बिलावर नाव काय घालू?”

“सुहासिनी आगाशे.”

मुलगी क्षणभर थांबली, वर बघून हसली. “छान नाव आहे. येत जा, काकू. फोटो दाखवायला या.”

ओळखलं वाटतं हिने, सुहासिनीला वाटलं. ओळखलं तर ओळखलं. उतरताना तिने मागे वळून हात हलवला.

संध्याकाळी केयूर आला, तर आईने चहाचा कप स्वतः हातात आणून दिला. केयूरचे वडील शरच्चंद्र पेपर बाजूला ठेवून बघत राहिले.

“तुझ्या शिफाला बघून आले मी आज,” सुहासिनी म्हणाली. “मी कोण ते सांगितलं नाही तिला. केयूर, मी चुकले रे. सोन्यासारखी पोर आहे. रविवारी तिला आणि तिच्या घरच्यांना जेवायला बोलाव. लग्नाची बोलणी मीच करीन.”

केयूरने कप खाली ठेवला आणि आईच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. मग त्याने शिफाला फोन लावला आणि “आई हो म्हणाली” एवढंच त्याला म्हणता आलं. पलीकडून कुणीतरी रडल्याचा आवाज शरच्चंद्रांनाही ऐकू आला. त्यांनी उगाचच खिडकी उघडली.

“आणि हा कॅमेरा घेतला तिच्याकडून,” सुहासिनी म्हणाली. “पहिला फोटो तिचाच काढलाय. बघ, कसा आलाय.”

केयूरने कॅमेरा हातात घेतला. चेहरा मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला.

“फार सुंदर आलाय, आई,” तो म्हणाला. “पण ही कोण?”