घाटातला हीटर

कुंभार्ली घाट चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकला, तसा मोरेश्वररावांनी एसी बंद केला आणि भर मे महिन्यात हीटर पूर्ण सोडला. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेल्या मोटारहोमची ही पहिलीच सहल. डॅशबोर्डातून कढत वारा शेजारी बसलेल्या सुमतीबाईंच्या तोंडावर आला.

"अहो, हे काय?"

"अगं, इंजिनाचं गरम पाणी हीटरमध्ये फिरतं. पंखा त्यातली उष्णता आपल्यावर फेकतो, म्हणून इंजिन वाचतं. थोडं सोस."

पदरानं घाम टिपत त्या म्हणाल्या, "कळलं. कचेरीत साहेब बोलला की तुम्ही घरी येऊन माझ्यावर ओरडायचात, तसंच ना? नोकरी मात्र टिकली हं तुमची."

त्या पुन्हा घाम टिपू लागल्या. मोरेश्वररावांनी वळणापुढे झाडाखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. वारा थांबला.

"आता काय हो?"

"आता निवेल. उभी केली की आपोआप निवते."

सुमतीबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे थांबता येत होतं होय?"