हिरव्या रेघेचा मॉनिटर

"हा किती हर्ट्झचा?" आक्काताईंनी विचारलं.

राजारामपुरीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक पृथ्वीराज त्यांच्याकडं बघतच राहिला. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या बाईनं मॉनिटरचे हर्ट्झ, म्हणजे पडद्याचा वेग, विचारायची ही पहिलीच खेप.

"शंभरचा हाय, काकू. ऑफिसच्या कामाला एक नंबर."

"ऑफिसला न्हाई. ह्याला गेम खेळायला पायजे. एकशेऐंशीचा काढा."

'ह्याला' म्हणजे सम्मेदला, त्यांच्या मुलाला. तो हेल्मेट हातात धरून भिंतीवरच्या पंख्याकडं बघत उभा होता. बापाच्या गुळाच्या दुकानात बसायचा, सांगतील ते करायचा, ताटात पडेल ते खायचा. तक्रार नाही, राग नाही, काही म्हणजे काहीच नाही. फेब्रुवारीत सम्राट गेला तेव्हापासून हे असं. सम्राट त्याचा शाळेपासूनचा दोस्त. रोज संध्याकाळी दोघं एका खोलीत गेम खेळत बसायचे आणि आरडाओरडा करून गल्ली डोक्यावर घ्यायचे. हायवेला ट्रकनं सम्राटच्या गाडीला उडवलं. त्यानंतर सम्मेदनं कॉम्प्युटर चालूच केला नाही.

"घरातला हाय तो बरा हाय," सम्मेद म्हणाला.

"बरा? मधनं हिरवी रेघ गेलीया त्याच्या."

"असू दे की."

पृथ्वीराज माणूस सरळ होता. "ग्राफिक्स कार्ड जुनं असंल तर नुसता मॉनिटर बदलून उपयोग न्हाई बघा, काकू. उगंच खर्च."

"कार्ड गेल्या वर्षीच घेतलंय," सम्मेद पंख्यालाच सांगितल्यासारखं बोलला.

"मग घ्या की राव! ते कार्ड जुन्या मॉनिटरला जोडणं म्हंजे बुलेट पहिल्या गिअरवर फिरवल्यागत झालं."

सम्मेदचे वडील तवनाप्पा बायकोच्या कानाशी आले. "पोराला नको हाय, तर गळ्यात कशाला मारतीयास?"

"मला पायजे हाय," आक्काताई म्हणाल्या.

तवनाप्पा मागं सरले. यंदा बायकोपुढं बोलायची सोय राहिली नव्हती. ती एकवेळ जेवायची. आधी गोड सोडलं, मग तूप. दिवाळीला लेक ऐश्वर्या आली, तर ठेवणीतल्या साड्या तिच्या बॅगेत भरून दिल्या. "गुडघं दुखत्यात माझं," म्हणून तवनाप्पांना हाताला धरून आमटी-भात शिकवला. चातुर्मासात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, साध्वी माताजी उतरल्या होत्या, तर सकाळ-दुपार तिथंच. पोरासाठी नेम धरलाय, हे तवनाप्पांना न सांगता कळत होतं. कधी विचारलंच तर म्हणायची, "सम्मेद एकदा हसू दे. मग बोलू."

भाव विचारून बाहेर गाडीपाशी आल्यावर सम्मेदनं तोंड उघडलं.

"आई, ती रेघ सम्राटनं पाडलीया. हरला की बुक्की मारायचा येडं. तो मॉनिटर मला टाकायचा न्हाई."

कित्येक महिन्यांत त्यानं सम्राटचं नाव घेतलं नव्हतं.

"टाकू नको," आक्काताई म्हणाल्या. "कपाटावर ठेव. पर वस्तू धरून ठिवली म्हणून माणूस ऱ्हात न्हाई, बाळ."

सम्मेदनं खांदे उडवले. "घ्या मग. काय करायचं ते करा."

मॉनिटर घेतला. रविवारी दुपारी सम्मेदनं तो जोडला, वायरी नीट बांधल्या, चालू केला आणि पलंगावर जाऊन बसला. सांगितलेलं काम झालं, एवढंच. तवनाप्पांना वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

आक्काताई पदर खोचून खुर्चीवर बसल्या. "मला शिकव."

"काय?"

"गेम. कसा खेळायचा सांग."

सम्मेद नाइलाजानं उठला. बटणं दाखवली. विमानातून शंभर माणसं बेटावर उतरली, त्यात आक्काताईही उतरल्या आणि एका भिंतीला जाऊन धडकल्या. मग दुसऱ्या भिंतीला.

"आई, बंदूक पडलीया, उचल."

"बंदूक कशाला?"

"मारायला!"

"मी कुणाला मारणार न्हाई. जन्मात मुंगी मारली न्हाई, आणि आता माणसं मारू? लपायचं बटन कुठलं?"

"अगं, गेमच तसा हाय!"

"असू दे. बटन सांग."

त्यांनी एक झुडूप धरलं ते धरलंच. आजूबाजूला गोळ्या सुटत होत्या, माणसं पडत होती. मेलेल्यांना त्या पुटपुटत हात जोडायच्या, तेवढ्यात माउस सुटायचा. शेवटी बेटावर चारच माणसं उरली. एकजण थेट झुडपासमोर येऊन पाठ करून उभा राहिला.

"आई, झाड! झाड की गोळी!"

"जा रे बाबा, घरला जा," आक्काताई त्याला म्हणाल्या.

तो वळला आणि त्यानं आक्काताईंना उडवलं.

"बघा! मी ह्याला काय केलं होतं?"

सम्मेद हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता रडला आणि रडता रडता पुन्हा हसला. "सम्राट असता तर मेला असता हसून," म्हणाला. आईला उठवून स्वतः खुर्चीवर बसला, हेडफोन चढवला. थोड्या वेळानं त्याची पहिली आरोळी गल्लीत गेली.

तवनाप्पा दारात उभे राहून डोळे पुसत होते. आज हिला शिरा करून घालायचा, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं.

डाव संपल्यावर आक्काताईंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. हेडफोन खाली घेतला. तवनाप्पांना आत बोलावलं. त्यांचा चेहरा इतका शांत होता, की तवनाप्पांनाही बरं वाटलं.

"एवढ्यासाठीच थांबले होते मी," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही दोघं होय म्हणा, म्हंजे परवा माताजींच्या संघाबरोबर मी दीक्षेला निघते."