दाराआडची बादली

दोन हजार अकरा साली मिरजेतल्या एका वृद्धाश्रमाने न्हाणीघरांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. एक म्हातारी आत पडली होती आणि दार फोडावं लागलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका अनसूयाबाईंना कारण पटलं. पण आंघोळ करताना दोनदा कुणीतरी दार उघडलं, तेव्हा त्या व्यवस्थापक वाघमोड्यांकडे गेल्या.

“बाहेरूनही उघडते अशी कडी मिळते. ती लावा.”

“आजी, या वयात कसली लाज?”

“वय माझं झालंय, लाजेचं नाही.”

बाईंनी पाच अर्ज दिले; उत्तर एकाचंही आलं नाही. शेवटी त्या दाराला भरलेली बादली टेकवून आंघोळ करू लागल्या. त्यांचं पाहून बाकीच्या बायकाही.

एका सकाळी बाईंचा पाय घसरला. दार बादलीला अडत होतं, बादली बाईंना. आया कुंदा बाहेरून ओरडली, “बाई, बादली सरकवा!”

“हात पोचला असता तर उठले नसते का गं!”

पुन्हा दार फोडावं लागलं. खुबा मोडलेल्या बाईंना नेताना वाघमोडे म्हणाले, “उद्यापासून न्हाणीघरात बादली बंद.”

कुंदाने ऑफिसात जाऊन हातातला टॉवेल त्यांच्या टेबलावर टाकला. “कड्या बसल्या की बोलवा मला,” म्हणून ती घरी गेली.

चौथ्या दिवशी कड्या बसल्या. वाघमोडे पुढे दुसऱ्या आश्रमात गेले. कुंदा अजून तिथेच आहे. अनसूयाबाई आणखी दोन वर्षं जगल्या, पण अंथरुणावरच. कुंदा पडदा ओढून त्यांचं अंग पुसायची. नवी कडी त्यांच्या हाताला कधी लागलीच नाही.