बुटकी गाडी

मुलांनो, कल्पना करा: अर्पिताच्या बाबांची शर्यत तासाभरात सुरू होणार आहे आणि जालन्याच्या नाक्यावर हवालदाराने त्यांची गाडी अडवली आहे.

"गाडी लई दबली. काय भरलं हो?"

डिक्की रिकामी निघाली, तसा त्याचा संशय वाढला. तो सीटखाली चाचपू लागला.

"साहेब, शर्यतीसाठी आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या," बाबा म्हणाले. "वळणावर गाडी झुकत न्हाई."

"खर्चा करून उंच गाडी बुटकी केली? मला येडं समजू राह्यले का? चला ठाण्यात!"

अर्पिता खाली उतरली. मागच्या बंपरवर चढून तिने जोरजोरात उड्या मारल्या. गाडी जराही दबली नाही.

मग ती शेजारी उभ्या पोलिसांच्या जीपच्या बंपरवर चढली. पहिल्याच उडीला जीप खचकन दबून डोलू लागली, तशी हवालदाराने बाबांना पुढे जायची खूण केली.