उपाशी सूट, भरला सूट

"वयनी, चेडवाक भरवतंस की सुटाक?" दिगू मोंडकरने विचारलं आणि मालवणच्या धक्क्यावरचे सगळे पाणबुडे हसले.

वैजूने सूट ठेवलेल्या टाकीत आणखी मूठभर माशांची पूड टाकली. जिवंत कातडीचा तिचा सूट ती खाऊन टम्म फुगला. बाकीच्यांनी आपले सूट आठवडाभर उपाशी ठेवून कागदासारखे पातळ केले होते. समुद्र तीस अंशांचा, जाड कातडी कशाला? पण वैजूने पाच महिने आपल्या चेडवाला, तान्ह्या लेकीला, न्हाऊ घातलं होतं. कोमट पाण्यातसुद्धा जरा जास्त वेळ गेला की त्या इवल्या ओठांवर निळी झाक येते, हे तिने पाहिलं होतं.

गरोदरपणात तिनेच वाढवलेली चाळीस प्रवाळरोपं आज खडकाला बांधायची होती. रोपवाटिकेतून काढलेली ती रोपं उद्यापर्यंत जगली नसती.

तिसऱ्या बुडीत दिगूचे दात वाजू लागले, बोटांना गाठ मारता येईना. एकेक करत सगळे वर गेले. दिगू होडीत वैजूची दोरी धरून बसला. खाली तिचा सूट स्वतःची चरबी जाळत तिला ऊब देत राहिला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस!

ती वर आली तेव्हा सूट कागदासारखा झाला होता आणि ती घामेजली होती. धक्क्यावर सासूच्या कडेवर लेक भुकेने रडत होती.

"वयनी," घोंगडीतून दिगू कुडकुडला, "माझ्या सुटाक किती घालूचा, सांग मा."

"थांब रे," लेकीला छातीशी घेत वैजू म्हणाली. "आधी चेडवाक, मगे माझ्या सुटाक, मगे तुका."