न चाखलेली खीर

मौखिक परीक्षेच्या शेवटी परीक्षक साबणेबाईंनी सुव्रतचा प्रबंध मिटला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

"धार्मिक अनुभूतीवर चारशे पानं लिहिलीत. सगळ्या तत्त्वज्ञांची, धर्मचिंतकांची मतं मांडलीत. तुम्हाला स्वतःला कधी अनुभूती आली?"

सुव्रतचे पाच वर्षांचे काम या एका उत्तरावर अवलंबून होते, आणि खोटे बोलणे त्याला जमत नसे.

"नाही, मॅडम. पण माझी आई नैवेद्याची खीर देवाआधी चाखत नाही, आणि मधुमेहामुळे नंतरही खात नाही. जेवणाऱ्यांचं ऐकून ऐकूनच तिचा हात बसलाय."

"कधीच चुकत नाही?"

"एकदा साखरेऐवजी मीठ पडलं होतं."

साबणेबाई खळखळून हसल्या. "तुमच्याही तिसऱ्या प्रकरणात थोडं मीठ पडलंय. तेवढं सुधारा. आणि पेढे मात्र चाखून आणा, डॉक्टर."