दोनदा फिरवलेली ताटली

आमच्या मनिलात कुणी जेवणाच्या मध्येच प्रवासाला निघालं, की मागं बसलेल्यांनी आपापली ताटली एकदा फिरवायची. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो.

माझा नवरा क्रिसांतो दुबईच्या नोकरीवर परत निघाला, तेव्हा मी ताटली एकदा फिरवली. सासूबाईंनी दोनदा. त्यांना आम्ही दोघंही नानाय म्हणतो, म्हणजे आई.

"अहो नानाय, जाणारा एकच आहे!" मी हसले.

"तू जेव, लुर्देस," त्या म्हणाल्या.

दुबई इथून सात हजार किलोमीटर. विमानात बसल्यावर नऊ तास. माझ्या ताटलीतला भात अजून गरम होता, तोच सासूबाईंच्या फोनवर क्रिसांतोचा व्हिडिओ कॉल आला. मीच उचलला.

"पोचलो गं, नानाय."

"थापा मारतोस? कोपऱ्यावर कुणाकडे बसलायस, सांग!" माझा आवाज चढला. "नानाय, बघा तुमच्या लेकाचे धंदे!"

त्याच्या कानावर काही गेलंच नाही. त्याच्या मागं खिडकीत काचेचे उंच मनोरे होते आणि त्यांच्यापलीकडं वाळूच वाळू. खिडकीशी एक बाई पाठमोरी बसून बॅग उपसत होती. तिच्या अंगात माझा पिवळा झगा होता. मी खाली पाहिलं. तो तर माझ्याच अंगात होता.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"लुर्देस, तूही सुखरूप पोचलीस ना गं?" त्यांनी फोनमधल्या बाईला विचारलं.

"हो, नानाय," ती माझ्या आवाजात म्हणाली.

सासूबाईंनी समाधानानं मान हलवली. माझ्याकडं न बघताच माझ्यासमोरची ताटली ओढून घेतली आणि गरम भात मांजराला घातला.